एफवाय बी.एस्सी.च्या पहिल्या चाचणीत 15 पैकी 4 पडले, आता काय करू?

प्रश्न निफाड तालुक्यातल्या एका मुलीचा आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावी सायन्सला 84 टक्के, आणि आता नाशिकच्या सायन्स कॉलेजात एफवाय बी.एस्सी., मुख्य विषय फिजिक्स. पहिल्या अंतर्गत चाचणीत 15 पैकी 4 गुण पडले. वर्गातलं इंग्रजी अर्धं डोक्यावरून जातं, रोज एसटीने अप-डाऊन करण्यात तीन तास जातात, घरी द्राक्षबाग आहे. नीटला नंबर लागला नाही म्हणून बी.एस्सी. घेतलं, असं नातेवाईक तोंडावर बोलतात. तिने विचारलंय, "मॅडम, माझी बुद्धीच कमी पडतेय का? नाशिकला खोली करून राहू का? की आत्ताच सोडून बी.ए.ला जाऊ?"

बुद्धीची शंका आधी काढून टाक. मी इथेच नाशिकला बरीच वर्षं पहिल्या वर्षाला फिजिक्स शिकवते. पहिल्या चाचणीचे पेपर तपासायला घेतले की दरवर्षी तेच दिसतं: बारावीला ऐंशीच्या पुढे असलेली मुलं 4, 5, 6 वर बसलेली. त्यांतली बरीच तिसऱ्या वर्षाला छान करतात. काहींना मात्र पुढेही जमत नाही. हा फरक कुठे पडतो ते मी जवळून बघितलंय, आणि बारावीच्या टक्क्यांशी त्याचा संबंध मला फारसा दिसला नाही. पहिल्या चाचणीनंतर मूल अभ्यासाची रीत बदलतं, की जुनीच रीत जास्त तास रेटतं, यावर बहुतेक सगळं ठरतं.

तू बारावीचा अभ्यास कसा केलास ते आठवून बघ. एकच पुस्तक वर्षभर. तोच धडा आधी क्लासमध्ये, मग कॉलेजात, मग टेस्ट सिरीजमध्ये. बोर्डाच्या प्रश्नांचा साचा ठरलेला, आणि सीईटी-नीटला तर उत्तर समोरच्या चार पर्यायांत असायचं, ते फक्त ओळखायचं होतं. आता तुझा दोन क्रेडिटचा थिअरी पेपर म्हणजे एका सत्रात सगळे मिळून 30 तास. एक तास, एक विषय, आणि पुढच्या तासाला सर पुढे गेलेले. असे पेपर पाच-सहा, शिवाय प्रॅक्टिकलं. यात दिवाळी, गावची जत्रा, बागेचं काम असं करून सहा तास बुडले की त्या पेपरचा पाचवा हिस्सा गेला. त्यात आणखी एक अडचण असते, ती तुम्हाला कोणी सांगत नाही. मेकॅनिक्स शिकवताना आम्ही जे डिफरन्शियल इक्वेशन सहज फळ्यावर लिहितो, ते गणिताच्या तासाला अजून झालेलंच नसतं. तेव्हा तू बावरलीस हे अगदी साहजिक आहे. आणि फळ्यावर ते लिहिताना क्षणभर थांबून "हे अजून झालं नसेल, बाजूला समजावतो" एवढं म्हणणं हे शिकवणाऱ्याचं काम आहे.

आता रीतीबद्दल. तू अभ्यास कसा करतेस ते लिहिलं नाहीस, पण तुझ्यासारख्या मुलींच्या वह्या मी बघते. नोट्स सुंदर उतरवलेल्या असतात, ओळी पिवळ्या-गुलाबी केलेल्या असतात, आणि परीक्षेच्या आधी त्याच नोट्स तीन-चारदा वाचलेल्या असतात. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि पेपरात हात चालत नाही. यावर 2006 साली अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या दोघांनी एक साधा प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने विचारलं तेव्हा चित्र उलटलं: पुन्हा वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना 56. परीक्षा आदल्या रात्रीच्या वाचनानंतर पाच मिनिटांत होत नसते, हे लक्षात घेतलंस तर कोणती बाजू धरायची ते कळेल.

म्हणून एक काम रोज कर. त्या दिवशी वर्गात झालेली एक गोष्ट, एकच, कोऱ्या कागदावर न बघता उभी करायची. समज सिंपल हार्मोनिक मोशन झालं, म्हणजे स्प्रिंगला लावलेल्या वस्तूचं मागे-पुढे झोके घेणं. बल बरोबर वजा के एक्स (के म्हणजे स्प्रिंगचा स्थिरांक, एक्स म्हणजे वस्तू किती सरकली ते), इथून सुरुवात करून शेवटच्या समीकरणापर्यंत जा. अडशील तिथे थांब. माझ्या अनुभवात निम्मी मुलं पुढचं कॅल्क्युलस बरोबर करतात आणि अडतात ती पहिल्याच ओळीत: ते वजाचं चिन्ह कुठून आलं? स्प्रिंग उजवीकडे ओढली की बल डावीकडे, डावीकडे दाबली की उजवीकडे, म्हणून ते वजा. हे एकदा हाताने आकृती काढून पटलं की पुढचं सगळं पाठांतर गळून पडतं. ते चिन्ह नसतं तर वस्तू झोके न घेता दूरच पळाली असती, हेही तुझं तुला दिसेल. एका गोष्टीला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. जिथे अडलीस ती ओळ लाल पेनाने खूण करून ठेव आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच ओळ घेऊन सरांकडे जा. "सर, काहीच कळलं नाही" असं म्हणत आलेल्या मुलाला मी काय सांगणार? "मॅडम, या ओळीवरून त्या ओळीवर कसे गेलो?" असं कोणी विचारलं की पाच मिनिटांत काम होतं. स्टाफरूममध्ये जायला मुली कचरतात, विशेषतः गावाकडून आलेल्या. दोघी मिळून या, पण या. कोणी एखाद्या वेळी वैतागून बोललं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा या.

पहिल्या वर्षाचे क्लास लावू का, असं पुढे कोणीतरी तुला सुचवेलच. माझं स्पष्ट मत: नको. तुझ्याकडे कमी पडतोय तो स्वतः कागदावर बसण्याचा वेळ, आणि क्लास नेमका तोच खाऊन टाकतो.

प्रॅक्टिकलबद्दल तू काहीच विचारलं नाहीस, पण मला तिथेच सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण सायन्सचं कॉलेज बाकी शिक्षणाहून वेगळं ठरतं ते तिथेच. दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल म्हणजे 60 तास, थिअरीच्या दुप्पट. तरी मुलं ते सबमिशनचं ओझं समजतात. बारावीला 30 गुण प्रॅक्टिकलचे होते, पण इंटिग्रेटेड क्लासच्या (कॉलेज आणि कोचिंग एकत्र) घाईत कितीतरी मुलांनी व्हर्नियर, म्हणजे बारीक लांबी मोजायचं साधन, हातातसुद्धा धरलेला नसतो. मग इथे आल्यावर सिनियरचं जर्नल मिळवायचं, त्यातली रीडिंगं थोडी हलवून उतरवायची, सही घ्यायची, असं चालू होतं.

एक साधा प्रसंग सांगते. सिंपल पेंड्युलमने, म्हणजे साध्या लंबकाने, जी (गुरुत्वीय त्वरण) काढायचा प्रयोग. दोघी मुली एका टेबलावर. एक मीटर लांबीचा दोरा, एकीने स्टॉपवॉच धरलं, दुसरी दोलनं मोजत होती. वीस दोलनांची वेळ घेतली, सूत्रात घातली, उत्तर आलं 10.8. दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एकीने खोडरबर काढलं, वेळ जरा वाढवली आणि जी 9.8 करून माझ्याकडे सहीला आणलं. कागदावर खोडल्याची खूण होती, म्हणून मी मूळ आकडा विचारला आणि दोघींना पुन्हा मोजायला लावलं, या वेळी मोठ्याने. लंबक सोडला, स्टॉपवॉच दाबलं आणि त्याच क्षणी मोजणारी म्हणाली, "एक!" सापडलं. सुरुवातीलाच 'एक' म्हटलं की 'वीस' म्हणेपर्यंत दोलनं एकोणीसच होतात. एकोणीस दोलनांच्या वेळेला विसाने भागलं, तर पिरियड, म्हणजे एका दोलनाचा वेळ, पाच टक्क्यांनी कमी येतो. सूत्रात त्याचा वर्ग छेदात आहे, म्हणून जी जवळजवळ अकरा टक्क्यांनी जास्त. 9.8 चे 10.8 होतात ते असे. सुरुवातीला 'शून्य' म्हणायचं, एवढाच उपाय. त्या खोडलेल्या 10.8 मध्ये चुकीचा पूर्ण पत्ता लिहिलेला होता, आणि त्यांनी तो पुसून टाकला होता.

पुढे ऐक. बरोबर मोजल्यावर त्यांचं उत्तर आलं 9.7. पुन्हा चेहरे उतरले. एक मीटरच्या लंबकाची वीस दोलनं 40 सेकंदांच्या जरा वर जातात. स्टॉपवॉच दाबताना हाताचा एक पंचमांश सेकंद इकडेतिकडे होतोच. म्हणजे वेळेत अर्धा टक्का, जी मध्ये एक टक्का, म्हणजे 0.1. तेव्हा 9.7 हे अगदी योग्य उत्तर आहे, फक्त त्याच्यापुढे अधिक-उणे 0.1 लिहायचं. आणि नाशिकचं खरं जी तरी नेमकं 9.8 कुठे आहे? आपण 20 अंश अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर उंचीवर आहोत. इथलं मूल्य 9.78-9.79 च्या घरात येतं. आपल्या लंबकाला तो फरक कळणारही नाही, आणि का कळणार नाही हे तुला आकड्यात सांगता आलं, तर व्हायवात (तोंडी परीक्षेत) मी पुढचा प्रश्नच विचारणार नाही. कॉलेजात आमचं तुझ्याकडे मागणं एवढंच असतं: जे उत्तर आलं ते कसं आलं आणि त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा, ते सांग. थिअरीच्या पेपरातसुद्धा गुण याच सवयीचे असतात. म्हणून रीडिंग पेनाने लिही, चुकलं तर एक रेघ मारून बाजूला नवं लिही, खोडू नकोस. जर्नल त्याच दिवशी पूर्ण कर, बस चुकली तरी चालेल. महिन्याभराची आठ प्रॅक्टिकलं एका रात्रीत लिहिणाऱ्या मुलांना पुढे एमएस्सीच्या लॅबमध्ये किती त्रास होतो ते मी बघते.

अप-डाऊनचं. थेट बस मिळत असेल आणि दुपारचं प्रॅक्टिकल पूर्ण करून परत जाता येत असेल, तर निदान हे सत्र खोलीचा विचार करू नकोस. खोलीचं भाडं, मेस, एकटेपण, हे सगळं आत्ताच्या धक्क्यावर आणखी एक ओझं होईल. प्रॅक्टिकल अर्ध्यात सोडून बस गाठावी लागत असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. मग पुढच्या वर्षासाठी मुलींच्या वसतिगृहाची चौकशी आत्तापासून ऑफिसात करून ठेव. अर्ज प्रवेशाच्या वेळीच होतात आणि जागा भराभर जातात. तोवर असं कर: लेक्चर संपल्यावर लगेच स्टँडकडे पळू नकोस. कॉलेजच्या लायब्ररीत दीड तास बसून ते कोऱ्या कागदाचं काम उरकून घे आणि मगच निघ. टिळक पथावरचं आपलं सार्वजनिक वाचनालय 1840 पासूनचं आहे, तेही बसायला चांगलं. घरी पोचल्यावर अभ्यास होईल ही आशा धरू नकोस; घरी पोचल्यावर पोरीच्या वाट्याला काय येतं ते मला ठाऊक आहे. बसमध्ये वही उघडायची गरज नाही. डोळे मिटून दुपारचा तास पहिल्यापासून आठवत जा, किंवा सरळ झोप काढ. सकाळच्या पहिल्या लेक्चरसाठी पहाटे पाचला उठत असशील, तर रात्री बारापर्यंत वाचण्यात काही मिळत नाही.

बागेचं काम मी हलकं समजत नाही. पण तुझं पहिलं सत्र आणि गोडी छाटणीचा हंगाम एकमेकांवर येतात: ऑक्टोबरात छाटणी, पुढे डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), विरळणी, आणि त्याच वेळी प्रॅक्टिकल परीक्षा, मग लेखी. हे वेळापत्रक आत्ताच एका कागदावर लिहून वडिलांपुढे ठेव. "या आठवड्यात मी रोज येते, या दोन आठवड्यांत मला धरू नका" असं तारखांनिशी सांगितलं की घरचे ऐकतात. शेतकरी माणसाला हंगाम कळतो. ऐन परीक्षेत रडत सांगितलं तर मजूर कुठून आणायचे, हा त्यांचा प्रश्नही खरा असतो.

इंग्रजीची भीती दिवाळीनंतर बरीच ओसरते, हे मी पुष्कळ मराठी माध्यमाच्या मुलांच्या बाबतीत पाहिलंय. शास्त्राचं इंग्रजी छोटं असतं. तेच तीन-चारशे शब्द फिरून फिरून येतात. विचार मराठीतच कर, मैत्रिणीला समजावून सांग ते मराठीतच सांग, आणि मग तेच चार छोट्या इंग्रजी वाक्यांत लिही. लांब वाक्य लिहायला जाऊ नकोस. तपासणारा व्याकरण बघत नाही, आकृती आहे का, समीकरण आहे का, एकक लिहिलंय का हे बघतो. उद्याचा विषय आदल्या दिवशी दहा मिनिटं नुसता चाळून गेलीस, तर वर्गात शब्द अनोळखी वाटणार नाहीत.

नातेवाईकांना उत्तर देत बसू नकोस. पण तुला स्वतःला कधी वाटलं की नुसत्या बी.एस्सी.ला काय किंमत, तर देवळालीच्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांची आठवण ठेव. पदवी बी.एस्सी.ची, नोकरी देवळालीच्या शाळेत मास्तरकीची, आणि त्यांचा 6174 हा आकडा जगभरचे गणिती ओळखतात. करून बघ: 3524 घे. अंक उतरत्या क्रमाने 5432, चढत्या क्रमाने 2345, वजाबाकी 3087. पुन्हा तेच: 8730 वजा 0378, 8352. पुन्हा: 8532 वजा 2358, आले 6174. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेतलीस तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येशील. मग पाच अंकी संख्येला काय होतं? तिथे असा एक आकडा मिळत नाही, फेरे सुरू होतात. का, ते शोधत एखादी दुपार घालव. वर्गातल्या दोघी-तिघींना सोबत घे. जिच्याशी अशा गोष्टीवर भांडता येतं ती मैत्रीण पहिल्याच वर्षी शोधून ठेवावी, तिचा पुढे नोट्सपेक्षा जास्त उपयोग होतो. फेब्रुवारीत विज्ञान दिनाच्या सुमाराला नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लोकांना पाहायला खुली करतात. 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत, आणि आपल्या नाशिक-पुणे रस्त्यापासून फार आत नाही. तुमची बॅच घेऊन जाच. फिजिक्स शिकलेली माणसं पुढे काय करतात, हे तिथे समोरासमोर विचारता येतं.

पैशाचं दोन ओळींत: महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या तारखेवर ठेवू नकोस, आणि केंद्र सरकारच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीसाठी तुझ्या वर्षाचा बोर्डाचा कटऑफ बघ. मूलभूत विज्ञान घेणाऱ्यांना ती वर्षाला 80,000 रुपयांची आहे आणि तिचा अर्ज पहिल्या वर्षातच करायचा असतो.

आणखी एक. रात्र रात्र झोप येत नाही, जेवण जात नाही, कॉलेजचं गेट दिसलं की छाती धडधडते, असं पंधरा दिवसांच्या वर चाललं असेल, तर त्याला अभ्यासाचा प्रश्न समजू नकोस. घरच्यांना किंवा एखाद्या मॅडमना सांग, आणि 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फिरव. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

राहिलं बी.ए.चं. बी.ए. ही पळून जायची जागा नाही, तिथेही अभ्यासच करावा लागतो. तुला इतिहास किंवा मराठी मनापासून आवडत असेल, तर जरूर जा, मी अडवणार नाही. पण तुझ्या प्रश्नात तसं कुठे दिसलं नाही. मला दिसली ती 4 गुणांची लाज. म्हणून हे सत्र आणि पुढचं सत्र वर सांगितल्यासारखं कर. एखादा पेपर राहिला तर एटीकेटी आहे (तो पुन्हा देत पुढच्या वर्गात जाता येतं), त्याने आयुष्य थांबत नाही. दुसऱ्या सत्राची परीक्षा झाली की मे महिन्यात स्वतःला एवढंच विचार: लॅबमध्ये एखादा प्रयोग करताना वेळ कसा गेला ते कळलं नाही, असं वर्षभरात एकदा तरी झालं का? झालं असेल तर राहा. नसेल झालं, तर जूनमध्ये नव्या प्रवेशाला वेळ आहे, आणि तेव्हा घरच्यांशी बोलायला मी येईन. उद्या मात्र तो 15 पैकी 4 चा पेपर घेऊन तुझ्या सरांकडे जा आणि पहिला चुकलेला प्रश्न त्यांच्यासमोर पुन्हा सोडवून दाखव.